पत्रास कारण घोडी

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
मंगळवार, दि. १७ मार्च २००९

तीर्थस्वरूप नाना यांच्या चरणी जावई परागचा नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. पाणी एक दिवसाआड येतं. ते आलं की रुचिता ठीक असते आणि नाही आलं की मी ठीक नसतो. तुमचं ब्लडप्रेशर, डावा गुडघा आणि शेजारच्या वकिलांशी चाललेला कुंपणाचा वाद हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. उजव्या मनगटाबद्दल मात्र जरा वेगळं लिहायला हवं. रुचिताला तुम्ही फोनवर सांगितलंत की बागेत खुरपणी करून मनगट भरून आलंय. तिने त्याच संध्याकाळी मला मलम आणायला पिटाळलं, ते या पत्रासोबत कुरियरने येतंय. दिवसातून दोनदा लावा. पण नाना, ते मनगट खुरपणीने दुखत नाहीये. रोज दुपारी दोन ते साडेचार माऊस घट्ट धरून तटावरून दगड ढकलले की मनगट नेमकं असंच दुखतं. मला माहीत असायचं कारण एवढंच, की ते दगड माझ्या डोक्यात पडत होते.

'दुर्गराज' या कॉम्प्युटरवरच्या खेळात गेले दोन महिने तुमच्या किल्ल्यावर चालून येणारा, स्वतःला सुरतेचा हिरेव्यापारी म्हणवणारा, तुमच्या सात गावांपैकी पाच गावं जाळणारा 'कर्दनकाळ' म्हणजे मी.

तुम्ही आता चष्मा काढून पुसत असाल. पुसून झाला की परत लावा, पत्र लांब आहे. (फोन करणार होतो, पण आमच्या एका खोलीत आणि एका स्वयंपाकघरात रुचिताला ऐकू न जाता फोन करायला जागा नाही. ई-मेल करणार होतो, पण तुम्ही ई-मेलची प्रिंट काढता, तीसुद्धा नाक्यावरच्या सायबर कॅफेत, आणि तो मुलगा ती आधी वाचतो असं तुम्हीच सांगितलं होतं.)

सुरुवातीपासून सांगतो. आमचा स्टुडिओ सप्टेंबरात बंद पडला, हे तुमच्यापासून लपवलं होतं. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीला गुलाबाच्या पाकळीतून बाहेर काढायचं आणि शेवटी दोघांना चंद्रावर बसवायचं, हे काम मी सात वर्षं केलं. मग मंदी आली. लोकांनी लग्नं थांबवली नाहीत, चंद्र थांबवला. रुचिताने तुम्हाला 'परागला मोठ्या कंपनीत मिळालं' असं सांगितलं, ते अर्धं खरं होतं. कंपनी मोठी होती, पण ती परदेशात. तिची इथली शाखा नवघर रोडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर होती. खालच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांना पॉलिश मारतात. दिवसभर तो किर्रर आवाज चालू, आणि संध्याकाळी शर्ट झटकला की चमचमतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी एका कागदावर सही केलेली आहे. तो कागद न वाचताच केली होती, हे तुमच्यासारख्या माणसाला सांगतानाही लाज वाटते.

मुलाखत घेतली ईश्वरभाईंनी. हे आमचे मॅनेजर. गोरे, गुबगुबीत, कायम तोंडात बडीशेप. त्यांनी विचारलं, "गेम खेलते हो?" मी कॉलेजात सायबर कॅफेत बक्षिसं मिळवली होती, ती सगळी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा है. हराना तो आता है. थोडासा हराना आता है?" मला वाटलं विनोद आहे, म्हणून हसलो. ते हसले नाहीत.

काम काय होतं ते ऐका. हा खेळ कुठल्याशा देशात शेकडो कोटी ओतून बनवलेला. घोडा धावला की त्याच्या मानेवरचा एकेक केस उडताना दिसतो. आणि खेळ फुकट. (हा शब्द मीच तुम्हाला सांगितला होता.) फुकट म्हणजे असं, की किल्ल्याला दरवाजा हवा असेल तर बावीस दिवस लाकडं तोडायची. नाहीतर रिचार्जच्या दुकानात स्क्रॅच कार्ड मिळतं, ते घ्यायचं, नाण्याने खरवडायचं, आकडा टाकायचा, दरवाजा उभा. तलवारीचं तसंच, चिलखताचं तसंच, सैन्याच्या जेवणाचंसुद्धा तसंच. ज्याने बावीस दिवस लाकडं तोडली त्याचा दरवाजा कार्ड खरवडणारा माणूस पाच मिनिटांत फोडतो. यात अक्कल, सराव, सबुरी यांचा कुठेही संबंध येत नाही, आणि ज्याने फोडला त्याला मात्र आपण फार मोठे सेनापती आहोत असं वाटत राहतं.

पण यात कंपनीची एक अडचण होते. कार्ड घेणारा सगळ्यांना हरवून बसला की त्याला कंटाळा येतो, मग तो कार्ड घेत नाही. म्हणून आम्ही आठ जण पगारावर होतो. आम्हाला तलवारी, चिलखतं, हत्ती, सगळं कंपनीकडून. आम्ही खेळाडू असल्याचं सोंग घ्यायचं, श्रीमंत आहोत असं भासवायचं, गिऱ्हाइकाला संदेशात 'महाराज' म्हणायचं आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या कायम एक पायरी वर उभं राहायचं. दोन पायऱ्या नाही. ईश्वरभाई हे अगदी कळकळीने समजावायचे. "देखो, कस्टमर को ज्यादा मारोगे तो वो भाग जाएगा. उसको लगना चाहिए के बस, एक तलवार कम पड गई." असं म्हणून ते बडीशेप पुढे करायचे.

आता तुम्ही यात कसे आलात. प्रत्येक कामगाराने दिवाळीत पाच ओळखीच्या लोकांना खेळाची सीडी द्यायची होती. माझे चार झाले होते. मावसभाऊ, दूधवाल्याचा पुतण्या, बिल्डिंगचे सेक्रेटरी आणि आमचे फॅमिली डॉक्टर (यांनी ती सीडी वेटिंग रूममधल्या मुलांना खेळायला दिली, चकती म्हणून). पाचवं नाव तुमचं. भाऊबीज झाल्यावर आम्ही अलिबागला आलो, तेव्हा तुम्ही कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसला होतात. आईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तुम्ही त्या पत्त्यांकडे असं बघत होतात की ते रुचिताला बघवेना. मी म्हटलं, नाना, वेळ चांगला जाईल. हे मी तेव्हा मनापासून म्हटलं की पाचवं नाव भरायचं म्हणून म्हटलं, याचा विचार मी बराच केला. दोन्ही खरं आहे. पण आकडा आधी आठवला होता.

जानेवारीत ईश्वरभाईंनी माझ्या टेबलावर एका नव्या गिऱ्हाइकाची फाईल ठेवली. खेळातलं नाव 'अधीक्षक'. रायगड जिल्हा. दर आठवड्याला कार्डं. मी पहिला हल्ला केला आणि खाली संदेशाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: "आपला आजचा हल्ला दुपारी २.१० वाजता प्राप्त झाला. योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल." नाना, संपूर्ण हिंदुस्थानात त्या खेळात तीस-चाळीस हजार लोक होते आणि ते हल्ल्याला उत्तर म्हणून एकमेकांच्या आईबहिणीची आठवण काढत होते. हल्ल्याची पोच देणारा एकच माणूस असू शकतो. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला. मी खुर्चीत मागे टेकलो आणि खालच्या गाळ्यातला किर्रर आवाज ऐकत बसलो.

त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? नोकरी जाईल म्हणून, हे एक कारण, आणि ते मी स्वतःला सांगायचो. दुसरं कारण सांगतो. लग्नाआधी बघायला आलो होतो तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "मल्टिमीडिया म्हणजे नक्की काय?" मी दहा मिनिटं समजावलं. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "बरं. पण करता काय?" त्यानंतर सहा वर्षं प्रत्येक मुंजीत, प्रत्येक वास्तुशांतीला तुम्ही माझी ओळख 'आमचे जावई, ते कॉम्प्युटरवर असतात' अशीच करून दिलीत, झाडावर माकड असतं तसं. तर नाना, ज्या दुपारी मी तुमचा उत्तरेचा दरवाजा पहिल्यांदा फोडला, त्या दुपारी मला फार बरं वाटलं. मी घरी येताना रुचिताला शेवपुरी आणली.

पुढे तुम्ही बोलायला लागलात. लढाई संपली की तुम्ही लिहायचात, "जेवण झाले का?" शत्रूला असं विचारणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी झालं म्हणायचो. मग तुम्ही काय जेवलात ते सांगायचात. आदल्या रात्रीची आमटी, भात, कधी नुसतं दूध-पोळी. (रुचिताला फोनवर तुम्ही 'बाई येते, सगळं करते' असं सांगता. बाई नोव्हेंबरातच सोडून गेली, हे मला सुरतेच्या हिरेव्यापाऱ्याच्या नात्याने कळलं.) वकिलांचं कुंपण, पेन्शनीतला घोळ, आणि गळक्या छपराची कौलं बदलायला ठेवलेली एफडी मोडली तेही. ती कशासाठी मोडली हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला विचारायची गरज नव्हती, समोर तुमचा नवा हत्ती उभा होता.

आणि घोडी. पांढरी, कपाळावर तांबडा टिळा, कार्डांच्या दुकानातली सगळ्यात महागडी. मी एकदा विचारलं की घोडीचं नाव मनोरमा कसं काय? (मला माहीत होतं. आईंचं नाव मला माहीत नसेल का?) तुम्ही लिहिलंत, "ती माझ्यापुढे चार पावले चालते आणि थांबून मागे बघते. आमच्या मंडळींची सवय." मी त्यावर काही लिहिलं नाही. ऑफिसच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गिऱ्हाइकाची टिपणवही ठेवायची असते. त्यात मात्र लिहिलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मला तुमच्या जावयाबद्दल सांगितलंत. शब्द अजून पाठ आहेत. "जावई भाईंदरला असतात. माणूस वाईट नाही. मुलीला त्रास नाही. पण त्यांच्यात जिंकायची वृत्तीच नाही." बसल्या जागी माझे कान तापले. मी, ज्याने तुम्हाला तीन आठवडे धूळ चारली होती! मी कोण आहे हे त्या क्षणी लिहून टाकायला बोटं शिवशिवली. ते करता आलं नाही म्हणून मी दुसरं केलं. माझे हत्ती वळवले, तुमच्या तबेल्यावर घातले आणि घोडीला भाला मारला. नाना, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीच्या कामात ते नव्हतं. ते मी माझ्या मनाने केलं.

मग तुमच्या पडद्यावर ती चौकट आली असणार. आमच्याकडे तिची नक्कल येते. 'मनोरमा गंभीर जखमी आहे. सहा तासांत संजीवनी न दिल्यास ती दगावेल.' बाजूला उलटं पळणारं घड्याळ आणि ठोक्यांचा आवाज. (हा आवाज कुठल्यातरी देशात कुणीतरी पगार घेऊन बनवला असेल आणि साहेबाने त्याची पाठ थोपटली असेल.) मी त्या घड्याळाकडे बघत होतो आणि मला अलिबागचं हॉस्पिटल आठवत होतं. तुम्ही काउंटरवर, मी चिठ्ठी घेऊन बाजारातल्या केमिस्टकडे धावलेला, तिथून पुढच्याकडे. औषध मिळालं होतं. वर पोहोचलो तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते.

तुम्ही चार मिनिटांत संजीवनी घेतलीत. चार मिनिटांत म्हणजे कार्ड आधीच घरात आणून ठेवलेलं असणार. मग कर्दनकाळाला एकच ओळ लिहिलीत. "या वेळेस औषध वेळेत मिळाले."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत आलो तर ईश्वरभाई माझ्या खुर्चीमागे उभे, चेहरा एकदम लग्नघरातला. "चार मिनट! पराग, इतना फास्ट पेमेंट पूरे इंडिया में नहीं हुआ. ये आदमी घोडी से प्यार करता है." त्यांनी माझी टिपणवही मागवून वाचली. घोडीचं नाव कुणाचं आहे तेही वाचलं. मग वही हळूच मिटून टेबलावर ठेवली. मला वाटलं माणसाला आत काहीतरी होतंय. ते म्हणाले, "हर शनिवार, घोडी."

मी ते केलं. तोंडात मारून घ्यावंसं वाटतं, पण केलं. दोन शनिवार. दोन्ही वेळा तुम्ही पाच मिनिटांच्या आत. दुसऱ्या शनिवारी मी हे सगळं स्वरूपला सांगितलं. स्वरूप माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, उत्तनच्या पुढे चौक म्हणून गाव आहे तिथल्या कोळ्यांपैकी. वडिलांची बोट आहे, पण याला एसीतली नोकरी हवी होती. त्याने सगळं ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आमी पन जाल्यात म्हावरा पकरतो. पन म्हावऱ्याला 'महाराज' न्हाय बोलत." मग डबा उचलला आणि गेला. सोमवारी आला नाही. पगारही न्यायला आला नाही. तो निघाला तेव्हा मी त्याच्यामागून जिन्यापर्यंत गेलो होतो, तिथे फ्लॅटचा हप्ता आठवला, परत येऊन बसलो.

तिसऱ्या शनिवारी मात्र माझा हात चालेना. मी ठरवलं, नानांना जिंकू द्यायचं. एकदा मनासारखं जिंकले की माणूस समाधानाने उठेल, आंघोळ करून फिरायला जाईल. मी माझे पहारेकरी काढले, दरवाजे उघडे टाकले, हत्ती नदीवर पाठवले. तुम्ही आत शिरलात, माझा झेंडा उतरवलात. मी 'अभिनंदन' असं लिहिलं. मग आलं: "आपण जाणूनबुजून पराभव पत्करल्याचे निदर्शनास आले आहे. हा विजय मला मान्य नाही. लेखी खुलासा करावा." आणि मी खुलासा देईना म्हणून, मला खरोखर लढायला भाग पाडायला तुम्ही तासाभरात तीन तोफा विकत घेतल्यात! आठवडाभरात तुम्ही जेवढी कार्डं खरवडली तेवढी आमच्या शाखेत कुणी कधी खरवडली नव्हती. ईश्वरभाईंनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "क्या दिमाग लगाया! जिता के लूटा!" महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून मला खालच्या गाळ्यातला सात डब्यांचा स्टीलचा सेट मिळाला, प्रत्येक डब्यावर माझं नाव कोरून. रुचिताने त्यात डाळी भरल्यात. तिला सांगितलं की चांगल्या कामाबद्दल मिळाला. रोज वरण लावताना मी 'पराग' असं वाचतो.

रुचिताने तुम्हाला फोन करून ती बातमी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची चौकशी झाल्यावर, तुम्ही कर्दनकाळाला लिहिलंत: "जावयांना ऑफिसात बक्षीस मिळाले. त्यांच्याबाबतचा माझा पूर्वीचा अभिप्राय चुकीचा असावा. तो रद्द समजावा."

नाना, सहा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणून दर दिवाळीला नवा शर्ट घालून येत होतो. आणि ते आलं तेव्हा ते दुसऱ्याच माणसाला आलं, तुम्हाला लुटल्याबद्दल आलं, आणि मला त्यावर सुरतेच्या हिरेव्यापाऱ्यासारखं 'व्हेरी गुड' लिहावं लागलं.

त्या संध्याकाळी मी ईश्वरभाईंना सांगितलं की मी यापुढे घोडीला मारणार नाही. ते चिडले नाहीत. बडीशेप पुढे केली. म्हणाले, "तू नहीं मारेगा तो दूसरा मारेगा. घोडी को तो मरना ही है, पराग." मी म्हटलं, ते माझे सासरे आहेत. त्यावर त्यांनी पहिल्यांदा बडीशेप चावायची थांबवली. मला वाटलं आता तरी. ते म्हणाले, "पहले बोलना था ना, घर का आदमी है, और आसान होता." मग त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं आणि मी ते दिलं.

तर झालं हे असं. आता हात जोडून विनंती आहे, तो खेळ बंद करा. तुमचं त्यात काहीच नाही, नाना. किल्ला तुमचा नाही, तोफा तुमच्या नाहीत. ज्या कागदावर तुम्ही सुरुवातीला 'मान्य' असं दाबलंत त्यात लिहिलंय की सगळं कंपनीच्या मालकीचं आहे आणि ती वाटेल तेव्हा ते बंद करू शकते. बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेल्या तुम्ही तो एक वाचला नाहीत, कारण तो मी आणला होता आणि जावयाने आणलेल्या कागदावर शंका घेणं बरं दिसत नाही. एप्रिलमध्ये मी आठ दिवस तिकडे येतो. आपण कौलं काढू, मोडकी बाजूला करू, मिळतील तेवढी नवी घालू. मला ते काम येत नाही. शिडी धरता येते. आणि नवी बाई मिळेपर्यंत रुचिताला सांगा की बाई येत नाही. एवढं तरी खरं सांगा.

रागावलात तर बरोबरच आहे. रागावून उत्तर पाठवलंत तरी चालेल. उत्तर नाही आलं तर मात्र ते मला कळायला फार दिवस लागतील, म्हणून काहीतरी पाठवाच.

तुमचा,
पराग

ता. क. : वरती मी ओळखपत्र 'दिलं' असं लिहिलंय, त्यावरून मी बाणेदारपणे नोकरी सोडली असं वाटतं. तसं नाही. ओळखपत्र दिल्यावर मी वीस मिनिटं तिथे उभा राहून विचारत होतो की दुसरं एखादं गिऱ्हाईक मिळेल का. नाही म्हणाले.

ता. क. २ : हे महत्त्वाचं. कर्दनकाळ अजून खेळतोय. माझ्या जागी क्षितिजा म्हणून मुलगी बसवलीय, हुशार आहे, माझ्यापेक्षा भरभर टाइप करते. माझी टिपणवही तिच्याकडे गेली. त्यात पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात आहे: 'गिऱ्हाइकाला जेवणाबद्दल विचारलेलं आवडतं. घोडी म्हणजे वारलेली बायको.' तेव्हा या आठवड्यात तो तुम्हाला जेवलात का म्हणून विचारत असेल तर तो मी नाही. तुम्ही उत्तर देऊ नका. निदान भाजी कोणती ते तरी सांगू नका.

ता. क. ३ : रुचिताला यातलं काही माहीत नाही. मी रोज साडेनऊला डबा घेऊन निघतो, महानगरपालिकेच्या वाचनालयात बसतो आणि सहाला परत येतो. फोनवर 'ऑफिस कसं चाललंय' असं विचारलंत तर मी 'मस्त' म्हणेन. तुम्ही 'वा' म्हणा.

ता. क. ४ : खेळ बंद कराच, पण एक करा, दहा दिवस थांबून बंद करा. पाडव्याला सगळ्या किल्ल्यांची मोठी लढाई आहे आणि कर्दनकाळ उतरणार आहे, ते वेळापत्रक मीच बनवलं होतं. ईश्वरभाई स्वतः मागे उभे राहून बघणार. त्याचे हत्ती कुठून वळतात, दक्षिणेचा बुरूज कसा पोकळ आहे, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. नाना, मी चार महिने कंपनीच्या तलवारीने जिंकलो आणि हरलो तेही कंपनीच्याच फायद्याचं ठरलं. तुमचा पासवर्ड मला एसएमएस करा, माझ्याच नंबरवर, रुचिताच्या नको. घोडीला तबेल्यातून बाहेर काढणार नाही, शब्द देतो. फक्त तुमच्या तोफा थोड्या हलक्या पडतील असं मला हिशेबावरून वाटतंय. शनिवारपासून कंपनीचा सेल लागेल, तेव्हा जमलं तर दुकानातलं काळं चिलखत तेवढं घेऊन ठेवा. बाकी काही घेऊ नका.